अर्धीच आठवणीत राहिलेली गीता दत्त

नरपड (ता. डहाणू), प्रतिनिधी :

डहाणूहून बोर्डीकडे निघालेला रस्ता नरपडमध्ये शिरला, की एका बाजूला समुद्र आणि सुरूची झाडे, तर दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या लागतात. अशाच एका वाडीतील जुन्या घरात काही दिवसांपूर्वी दुरुस्तीच्या निमित्ताने माळा उपसला गेला. जुनी भांडी, मोडके पाळणे आणि पिवळ्या पडलेल्या पंचांगांबरोबर चावीचा एक ग्रामोफोन खाली आला. त्याच्यामागून दोन लाकडी खोकी आली. दोन्हींत ७८ फेऱ्यांच्या तबकड्या होत्या. त्या घरातील आजोबांनी आपल्या हयातीत त्या मोठ्या शिस्तीने लावून ठेवल्या होत्या. एका खोक्यात इतर गायक-गायिकांबरोबर गीता रॉयची गाणी होती, दुसऱ्यात गीता दत्तची. घरातील पुढच्या दोन पिढ्यांची समजूत अशी, की या दोन निरनिराळ्या गायिका होत्या. पहिली भजने गाणारी, दुसरी क्लबातली गाणी गाणारी.

ही समजूत ऐकून प्रथम हसू आले. नंतर मात्र वाटले, की आपणा शहरी रसिकांचे तरी याहून काय निराळे आहे? गीता दत्त म्हटले की आपल्याला पन्नासच्या दशकातील सात-आठ लोकप्रिय गाणी आठवतात, गुरुदत्त आठवतो, विस्कटलेला संसार आठवतो, मद्य आठवते आणि लगेच १९७२ साल येते. मधली जवळजवळ पंधरा वर्षे आपण एका उसाशात ओलांडून जातो. त्या वर्षांत तिचा आवाज संपला होता, असे आपण गृहीत धरून चालतो. तो संपला नव्हता, याचा पुरावा ध्वनिमुद्रिकांवर आजही शाबूत आहे. तिच्या आयुष्याकडे पुन्हा एकदा पाहावे ते त्यासाठी.

गीताचा जन्म २३ नोव्हेंबर १९३० रोजी पूर्व बंगालमधील फरीदपूर जिल्ह्यातला. घोष रॉय चौधरी हे तिचे माहेरचे लांबलचक आडनाव. घराणे जमीनदारांचे, घरात भावंडांचा मोठा गोतावळा. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत हे कुटुंब कलकत्ता आणि आसाम या वाटेने १९४२ च्या सुमारास मुंबईत येऊन पोहोचले आणि दादरला स्थिरावले. गावाकडचे ऐश्वर्य मागे राहिले होते. बारा वर्षांची ही मुलगी घरी गात असे. तिचा आवाज संगीतकार हनुमान प्रसाद यांच्या कानी पडला आणि त्यांनी तिला १९४६ च्या ‘भक्त प्रह्लाद’ या चित्रपटात संधी दिली. संधी म्हणजे काय, तर समूहगीतातल्या अवघ्या दोन ओळी. पण ज्यांना ऐकू यायचे त्यांना त्या दोन ओळींत बरेच काही ऐकू आले.

ज्यांना ऐकू आले त्यांत सचिनदेव बर्मन होते. बर्मन स्वतः त्या वेळी मुंबईत नवखेच होते. फिल्मिस्तानसाठी त्यांच्या हाती ‘दो भाई’ हा चित्रपट होता. सोळा वर्षांच्या, जवळपास अननुभवी मुलीला त्यांनी या चित्रपटातील प्रमुख गाणी दिली. या निवडीबद्दल स्टुडिओत साशंकता नसती तरच नवल. १९४७ मध्ये चित्रपट झळकला आणि राजा मेहदी अली खान यांनी लिहिलेले, भंगलेल्या स्वप्नाचे एक गाणे घराघरांत जाऊन पोहोचले. संसार न पाहिलेल्या मुलीने संसार मोडल्याचे दुःख गावे आणि ते ऐकणाऱ्याला खरे वाटावे, हा प्रकार विलक्षणच होता. एका गाण्याने गीता रॉय पहिल्या रांगेत आली.

त्या रांगेत तेव्हा शमशाद बेगम, जोहराबाई, अमीरबाई, राजकुमारी अशा भारदस्त, खुल्या आवाजाच्या गायिका होत्या. १९४९ मध्ये ‘महल’, ‘बरसात’ आणि ‘अंदाज’ आले, लता मंगेशकर यांच्या आवाजाने सारे मापदंडच बदलून टाकले आणि पाहता पाहता त्या रांगेतील एकेक नाव मागे सरू लागले. त्या लाटेत पाय रोवून उभी राहिलेली पहिली गायिका म्हणजे गीता. तिचा आवाज लताच्या आवाजाशी स्पर्धा करीतच नव्हता. तो मुळात दुसऱ्या मातीचा होता.

या सुरुवातीच्या काळातील एक तबकडी नरपडच्या खोक्यात सापडली, तीही गुजराती. १९४९ च्या ‘मंगल फेरा’ या चित्रपटातील, अविनाश व्यास यांनी लिहिलेले आणि स्वरबद्ध केलेले ते गीत गीताने ए. आर. ओझा यांच्याबरोबर गायले आहे. माणसे म्हणजे रामाने खेळायला घडवलेली खेळणी, असा त्याचा आशय. गुजरातमध्ये या गीताला आज लोकगीताचे स्थान आहे. डहाणू-तलासरीच्या सीमाभागात, जिथे मराठी आणि गुजराती एकाच अंगणात नांदतात, तिथे ते अनेकांना तोंडपाठ असते. ते एका बंगाली मुलीने गायले आहे, हे सांगितल्यावर त्या घरातील मंडळी चकित झाली. गीताने मराठीतही गाणी गायली, बंगालीत तर विपुल. भाषा परकी असली तरी तिच्या उच्चारात पाहुणेपणा नसे.

पुढे १९५० मध्ये केदार शर्मांचा ‘जोगन’ आला. बुलो सी. रानी यांचे संगीत, पडद्यावर नर्गिस आणि गीताच्या आवाजात मीरेची भजने. वीस वर्षांच्या या गायिकेवर आता भक्तिगीतांचा आणि दुःखी गाण्यांचा शिक्का बसला. दोन वर्षांनी ‘आनंदमठ’मध्ये हेमंतकुमार यांच्या सोबतीने तिने जयदेवाचे दशावतार स्तोत्र गायले, त्याने तो शिक्का आणखी गडद झाला. शिक्के मारण्याची आपल्या चित्रपटसृष्टीची हौस जुनीच आहे.

तो शिक्का पुसणारे गाणे मात्र त्याआधीच, १९५१ मध्ये येऊन गेले होते. देव आनंदच्या नवकेतन संस्थेचा ‘बाजी’ हा गुरुदत्तच्या दिग्दर्शनातला पहिला चित्रपट. साहिर लुधियानवी यांनी एक गंभीर गझल लिहून दिली. नशिबाला आव्हान देण्याचा तिचा आशय. सचिनदांनी तिला गिटारच्या ठेक्यावर बसवून चक्क क्लबातले गाणे करून टाकले. पडद्यावर गीता बाली हाती गिटार घेऊन ते गाते. गझलेचा ऐवज पाश्चात्त्य चालीत कसा उतरणार, अशी शंका कुणालाही आली असती. गीता रॉयने ती शंका पहिल्या दोन ओळींत मिटवली. तिच्या गळ्यात खट्याळपणा होता, धीटपणा होता आणि गाता गाता हलकेच हसण्याची एक लकब होती. मीरेची भजने गाणारी हीच का ती, असे लोक विचारू लागले.

याच ध्वनिमुद्रणाच्या वेळी तिची आणि गुरुदत्तची ओळख झाली. पुण्याच्या प्रभात स्टुडिओत उमेदवारी करून मुंबईत आलेला, माटुंग्याच्या छोट्या घरात राहणारा हा तरुण दिग्दर्शक तेव्हा जवळपास अनोळखी होता. गीता ही त्या वेळची आघाडीची गायिका, स्वतःच्या मोटारीने फिरणारी. प्रतिष्ठा आणि प्राप्ती या दोन्ही बाबतींत ती त्याच्या कितीतरी पुढे होती. पुढच्या कहाणीत हा तपशील बहुतेक वेळा गाळला जातो आणि ती केवळ एका थोर दिग्दर्शकाची दुर्दैवी पत्नी म्हणून उरते. दोघांचा विवाह २६ मे १९५३ रोजी झाला. तबकड्यांवर गीता रॉयच्या जागी गीता दत्त असे नाव छापले जाऊ लागले आणि नरपडच्या आजोबांना दुसरे खोके करावे लागले.

गुरुदत्तच्या चित्रपटांना जे संगीत लाभले, त्यातही गीताचा एक अप्रत्यक्ष वाटा आहे. ओ. पी. नय्यर यांचे ‘आसमान’, ‘छम छमा छम’ आणि ‘बाज’ हे सुरुवातीचे तिन्ही चित्रपट आपटले होते आणि ते पंजाबला परतण्याच्या विचारात होते. त्यांची शिफारस गीताने केली, ही गोष्ट पुढे खुद्द नय्यर कृतज्ञतेने सांगत असत. त्यातून १९५४ मध्ये ‘आर पार’ आला. शकीलाने पडद्यावर गायलेल्या क्लबगीताने आणि श्यामाच्या गाण्यांनी हिंदी चित्रपटगीताला एक नवी, शहरी, चटपटीत बोली दिली. पाठोपाठ ‘मिस्टर अँड मिसेस ५५’ आला आणि मधुबालाच्या ओठी गीताचा आवाज फुलून आला. १९५६ च्या ‘सीआयडी’मध्ये मजरूह सुलतानपुरी यांनी मुंबई शहरावर लिहिलेले गाणे तिने महंमद रफींबरोबर गायले. जॉनी वॉकर आणि कुमकुमवर चित्रित झालेले ते गाणे. या शहराबद्दल तक्रारही करायची आणि ते सोडूनही जायचे नाही, हा मुंबईकराचा स्वभाव त्यात नेमका पकडला आहे. दर पावसाळ्यात लोकल बंद पडली की कुणाच्या तरी मोबाइलवर ते हमखास वाजते. रफींचा आवाज सगळे ओळखतात. बाईचा आवाज कुणाचा, हे विचारले तर दहांपैकी चौघे चुकीचे नाव सांगतील, असा माझा अंदाज आहे.

ही गाणी घरोघर पोहोचली ती रेडिओ सिलोनमुळे. नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली होती. १९५२ च्या अखेरीस अमीन सयानी यांची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि श्रोते कोलंबोकडे कान लावून बसू लागले. विविध भारती सुरू झाली १९५७ च्या ऑक्टोबरात. म्हणजे गीताच्या ऐन भराची वर्षे आकाशवाणीच्या या अबोल्यात गेली. डहाणूच्या किनाऱ्यावर रात्री लघुलहरींवर सिलोन ऐकणारी पिढी आता थोडी उरली आहे. त्यांच्या आठवणीत गाण्याबरोबर समुद्रासारखी येणारी खरखरही आहे.

१९५८ मध्ये ‘हावडा ब्रिज’ आला. ब्रह्मदेशातून निर्वासित होऊन आलेल्या हेलन या तरुण नर्तकीचे नाव ज्या गाण्याने सर्वतोमुखी झाले, ते गीताने गायले होते. त्याच वर्षी ‘डिटेक्टिव्ह’साठी तिचे बंधू मुकुल रॉय यांनी एक चाल बांधली. हॅरी बेलाफोंटेच्या जमैकावरील प्रसिद्ध गाण्याची ती सरळसरळ उचल होती, पण गीताच्या गळ्यातून ती अगदी इथली होऊन उतरली. इंग्लंड-अमेरिकेत ज्याला पॉप म्हणत, त्याचा हा आपल्याकडचा अवतार. तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीत एक छोटी गोष्ट, एक ठेका आणि गाणारीचे व्यक्तिमत्त्व, एवढाच मामला.

इथे सहज आठवते ती लंडनची अल्मा कोगन. गीतापेक्षा दीड वर्षाने लहान. पन्नासच्या दशकात ब्रिटनची ती अत्यंत लाडकी पॉप गायिका होती, तिच्याही आवाजात हसू दडलेले असे आणि त्यासाठीच ती ओळखली जाई. बीटल्स आले, तरुणांची आवड पालटली आणि तिची तबकडी मागे पडली. बीटल्सशी तिचा स्नेह होता, त्याचा विक्रीला उपयोग झाला नाही. १९६६ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी कर्करोगाने ती गेली आणि बरीच वर्षे विस्मृतीत राहिली. तुलना फार ताणू नये. कोगनला निदान आवडीनिवडीच्या लाटेने मागे टाकले. गीताच्या बाबतीत लाट होतीच, शिवाय आणखी बरेच काही होते.

तिच्या आवाजाविषयी दोन शब्द लिहायला हवेत, कारण तिच्याविषयी लिहिताना नेमके तेच राहून जाते. शास्त्रीय बैठकीचे तिने प्रदर्शन मांडले नाही. तान, मुरकी यांच्या वाटेला ती क्वचितच जाई. तिची खरी ताकद शब्द उच्चारण्यात होती. एखादे अक्षर ती किंचित ओढून धरी, एखादे जवळजवळ श्वासात विरघळू देई आणि ओळीच्या शेवटी आवाज अर्धवट सोडून देई. त्यामुळे गाणे पाठ करून गायलेले वाटत नसे, आताच सुचलेले वाटे. बंगाली वळणाचा हलका गोडवा तिच्या हिंदीत शेवटपर्यंत राहिला. काटेकोर कानांना तो दोष वाटू शकेल. मला तो त्या आवाजाचा वास वाटतो, मातीला असतो तसा.

१९५७ हे तिच्या कारकिर्दीतील शिखराचे वर्ष आणि उताराचेही. ‘प्यासा’मध्ये कलकत्त्याच्या रस्त्यावर एक जोगीण कीर्तन गाते आणि जिन्यावरून वर जाणाऱ्या नायकामागे वहिदा रेहमान ते ऐकत हळूहळू येते. ओठ हलतात ते जोगिणीचे, मन बोलते ते वहिदाच्या गुलाबोचे आणि या दोन्हींना जोडणारा धागा म्हणजे गीताचा आवाज. हिंदी चित्रपटातील पार्श्वगायनाची ताकद दाखवायला हा एकच प्रसंग पुरेसा आहे. त्याच वर्षी बंगालीत ‘हारानो सुर’ झळकला. हेमंतकुमार यांच्या संगीतात सुचित्रा सेनसाठी तिने गायलेले प्रेमगीत बंगालमध्ये आजही अजरामर मानले जाते.

गुरुदत्तने याच सुमारास तिला नायिका करून कलकत्त्यात ‘गौरी’ नावाचा चित्रपट सुरू केला. काही दिवसांच्या चित्रीकरणानंतर तो बंद पडला. त्या दोघांच्या संसारातील बेबनाव एव्हाना लपून राहिला नव्हता. लग्नानंतर तिने बाहेरच्या निर्मात्यांकडे गाऊ नये, अशी गुरुदत्तची इच्छा होती असे सांगितले जाते. ती बाहेर गात राहिली हे वरच्या यादीवरून दिसतेच, पण ओढाताणीत. घरी दोन लहान मुले, पाली हिलचा बंगला, तालमीच्या वेळा आणि पतीच्या चित्रपटांतील नव्या नायिकेविषयीची वावडी. त्या वावडीवर आजवर इतकी पाने भरली आहेत, की गीताच्या गाण्यावर लिहायला कुणाला जागाच उरली नाही. इथे आणखी भर घालण्याचे कारण नाही.

त्या सुमाराच्या दोन घडामोडी मात्र तिच्या कारकिर्दीला थेट भिडल्या. ‘नया दौर’पासून नय्यर यांच्या संगीतात आशा भोसले यांचा आवाज प्रमुख झाला आणि एक-दोन वर्षांत नय्यर यांच्याकडे गीतासाठी गाणेच उरले नाही. दुसरे असे, की १९५७ मध्ये सचिनदेव बर्मन आणि लता मंगेशकर यांच्यात दुरावा आला. तो पुढे चार-पाच वर्षे टिकला. सचिनदांची पहिली पसंती त्या वेळी गीताच असणार, असे चित्रपटसृष्टीत मानले जात होते. पण तिला तालमींना वेळ देता येईना आणि सचिनदा तालमीच्या बाबतीत कडक. ती गाणीही बव्हंशी आशाकडे गेली. आशाने त्यांचे सोने केले, हे निर्विवाद. पण कला आणि नशीब यांच्यापेक्षा रोजचे वेळापत्रक कधी कधी जास्त निष्ठुर ठरते, हे गीताच्या बाबतीत दिसते.

तरीही जे थोडे मिळत होते, त्यात ती उणी पडत नव्हती. १९५९ च्या ‘सुजाता’त सुलोचनाबाई पडद्यावर जी अंगाई गातात, ती गीताने गायली आहे. इतकी शांत अंगाई हिंदी चित्रपटांत क्वचितच असेल. त्याच वर्षी ‘कागज के फूल’ आला. कैफी आझमी यांची रचना, सचिनदांचे स्वर आणि छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी आरशांच्या साहाय्याने ओसाड स्टुडिओत उतरवलेला तो प्रकाशाचा झोत. त्या प्रकाशात गुरुदत्त आणि वहिदा दूरदूर उभे आहेत, दोघेही गप्प आहेत आणि काळाने त्यांना कसे बदलून टाकले हे गाते आहे गुरुदत्तची पत्नी. भारतातील हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट तिकीटखिडकीवर पार कोसळला आणि गुरुदत्तने पुन्हा कधी दिग्दर्शक म्हणून आपले नाव लावले नाही.

साठचे दशक उजाडले. १९६२ मध्ये ‘साहिब बीबी और गुलाम’ आला. बिमल मित्र यांच्या कादंबरीवरील या चित्रपटात मीनाकुमारीने छोटी बहू रंगवली. नवऱ्याने घरी थांबावे म्हणून स्वतः मद्याचा पेला हाती घेणारी जमीनदाराची सून. हेमंतकुमार यांनी तिच्या गाण्यांसाठी गीताला बोलावले. स्वतः जमीनदार घराण्यात जन्मलेल्या, संसारात एकाकी पडलेल्या आणि मद्याच्या आहारी जाऊ लागलेल्या गायिकेला ही गाणी गाताना काय वाटले असेल, यावर तर्क लढवण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. ती व्यावसायिक गायिका होती आणि तिने तिचे काम केले, हे म्हणणे तिला अधिक न्याय देणारे आहे. ते काम मात्र असे, की नवऱ्याला अडवणाऱ्या त्या गीतात नशा, लाडिकपणा आणि भीती एकाच श्वासात येतात. आवाज संपल्याची लक्षणे यात कुणाला ऐकू येत असतील तर त्याने ती दाखवावीत.

याच वर्षी मुलगी झाली. दोन मुलगे आणि एक मुलगी असे आता तीन जणांचे मातृत्व. पण पाली हिलचा बंगला गुरुदत्तने पाडून टाकला आणि घर नावाची गोष्ट संपली. १० ऑक्टोबर १९६४ रोजी पेडर रोडवरील भाड्याच्या घरात गुरुदत्त मृतावस्थेत आढळला. तो एकोणचाळीस वर्षांचा होता, गीता अजून चौतीसचीही नव्हती. या आघाताने तिचे मन ढासळले. त्यातून सावरायला तिला दीर्घ काळ लागला. आणि सावरली तेव्हा समोर कर्ज होते, शिक्षणाची मुले होती आणि दारावर निर्माते नव्हते.

इथून पुढची सात-आठ वर्षे चरित्रकार दोन ओळींत गुंडाळतात. प्रत्यक्षात ती हातपाय गाळून बसलेली नव्हती. मुलांसाठी तिने रंगमंचावरचे जाहीर कार्यक्रम घेतले, बंगाली मंडळींच्या दुर्गापूजेत गायली. एके काळी स्वतःच्या मोटारीने ध्वनिमुद्रणाला जाणाऱ्या गायिकेने मंडपातल्या कर्ण्यासमोर उभे राहून जुनी गाणी पुन्हा पुन्हा गायची, यात कमीपणा काही नव्हता, कष्ट मात्र होते. १९६६ मध्ये बासू भट्टाचार्य यांच्या ‘उसकी कहानी’त कनू रॉय या फारशा नाव नसलेल्या संगीतकाराने तिच्याकडून कैफी आझमींचे एक पावसाळी गीत गाऊन घेतले. चित्रपट फारसा कुणी पाहिला नाही, त्यामुळे गाणेही काळोखात राहिले. ज्यांना साठच्या दशकातली गीता खरोखर शोधायची असेल त्यांनी सुरुवात इथून करावी. मेघ दाटून आल्याचे ते गाणे ऐकताना जाणवते, की आवाजाची पूर्वीची चमक थोडी उतरली आहे आणि तिच्या जागी एक गडद, सावकाश स्वर आला आहे. त्यानंतर १९६७ मध्ये ‘बधू बरण’ या बंगाली चित्रपटात तिने नायिकेची भूमिकाही केली. ‘गौरी’ने दहा वर्षांपूर्वी दिलेले आणि मोडलेले वचन असे उशिरा, दुसऱ्याच दारी पुरे झाले.

पाच वर्षांनी बासूदा आणि कनू रॉय पुन्हा तिच्याकडे आले. ‘अनुभव’, वर्ष १९७१. मुंबईच्या एका उंच इमारतीत राहणारे मध्यमवयीन जोडपे, नवरा वृत्तपत्राचा संपादक, कामात बुडालेला. पत्नीला लग्नाच्या काही वर्षांनंतर जाणवते, की दोघांत बोलणेच उरलेले नाही. संजीवकुमार आणि आपली तनुजा यांनी ही भूमिका अतिशय संयमाने केली आहे. तनुजाच्या वाट्याला तीन गाणी आली. दोन गुलजार यांची, एक कपिलकुमार यांचे. तिन्ही गीताने गायली. हाताशी पैसा कमी, म्हणून कनू रॉय यांनी मोजकी वाद्ये वापरली. त्यामुळे झाले असे, की आवाजाला लपायला जागाच राहिली नाही.

तो आवाज लपतही नाही. ‘आर पार’मधली चपळाई आता नाही, ती असण्याचे कारणही नाही. या गाण्यांत एक प्रौढ स्त्री स्वतःच्याच घरात, हलक्या आवाजात, जवळच्या माणसाशी बोलते आहे. प्रेमाची घाई सरलेली आहे, ओढ उरली आहे. ओळ पुरी होण्याआधी आवाज सोडून देण्याची जुनी लकब इथे पुरेपूर कामी येते. पडद्यावरच्या तनुजाचे वय आणि गाणारीचे वय यांतले अंतर कुठे जाणवत नाही. प्रकृती ढासळलेली, यकृत निकामी होत चाललेले आणि अशा अवस्थेत केलेले हे ध्वनिमुद्रण. हिंदी चित्रपटसंगीतात इतकी जवळून ऐकू येणारी गाणी त्यापूर्वी फार नव्हती. ‘अनुभव’ला दुसऱ्या क्रमांकाच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गाण्यांची वाहवा झाली. गीता दत्त परतली, असे म्हणायला लोकांनी नुकतीच सुरुवात केली होती.

२० जुलै १९७२ रोजी मुंबईत तिचे निधन झाले. यकृताच्या विकाराने. वय एक्केचाळीस. गुरुदत्तला जाऊन आठ वर्षेही झाली नव्हती.

पुरस्कारांच्या याद्यांत तिचे नाव शोधायला गेले तर हाती फारसे लागत नाही. फिल्मफेअरने पार्श्वगायनासाठी पुरस्कार सुरू केला तोच मुळी १९५९ मध्ये, तोही गायक-गायिका मिळून एकच. गायिकांसाठी स्वतंत्र पुरस्कार १९६८ पासून. तिची भराची वर्षे पुरस्कारांच्या आधीची आणि तिची परतीची वर्षे पुरस्कारांच्या नजरेबाहेरची. टपाल खात्याने मात्र २०१३ आणि २०१६ अशी दोनदा तिची तिकिटे काढली. हजाराहून अधिक हिंदी गाणी, शिवाय बंगाली, गुजराती, मराठी. रिमिक्सच्या सुकाळात तिच्या क्लबगीतांना नवे ठेके चढले, तरुण मुलामुलींनी त्यावर नाच केला. त्या तालावर ‘उसकी कहानी’चे गाणे मात्र कुणी चढवले नाही, आणि तसे कुणी करू नये हेच बरे.

नरपडच्या घरात ग्रामोफोनची चावी तुटलेली होती. गावातल्या एका कारागिराने ती जोडून दिली तेव्हा संध्याकाळ झाली होती. पहिल्यांदा ‘जोगन’ची तबकडी लावली, मग ‘हावडा ब्रिज’ची. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने दोन्ही ऐकल्या आणि या दोघी एकच कशा, हे तिला तिसऱ्यांदा ऐकल्यावर पटले. ओळीच्या शेवटी आवाज सोडून देण्याची ती लकब तिने स्वतःच हेरली. तिने दोन्ही खोक्यांतल्या गीताच्या तबकड्या काढून वर्षांच्या क्रमाने जमिनीवर मांडल्या. ओळ १९५९ ला, ‘सुजाता’च्या तबकडीपाशी थांबली. पुढचे काहीच नव्हते. आजोबांनी त्यानंतर तिच्या तबकड्या घेणे बंद केले होते, की त्या डहाणूच्या दुकानात यायच्याच बंद झाल्या होत्या, हे आता सांगणारे कुणी नाही. मुलीने फोनवर ‘अनुभव’ शोधले आणि फोन ग्रामोफोनच्या शेजारी, ‘सुजाता’च्या पुढे ठेवला.